दुसऱ्या पानावरची सही

१५ मे २०२५, गुरुवार

पाणी सकाळी सहाला आले. दोन पिंपे भरली. आज तिसरा दिवस. दुपारपर्यंत माणसे गेली. शेजारून डाळभात आला तो माझी लेक सिद्रा आणि मी खाल्ला.

हे सोमवारी गेले. शिळफाट्याला धाकटे दीर आदिल यांचे दुकान आहे, तिथल्या लाद्या टेंपोतून उतरवताना छातीत दुखले. दवाखान्यात नेईपर्यंत संपले. वय एकसष्ट.

आता माझी इद्दत, चांद्र महिन्यांनी चार महिने दहा दिवस. सतरा सप्टेंबरपर्यंत उंबऱ्याबाहेर जायचे नाही, परक्या पुरुषासमोर यायचे नाही. सिद्राने मुंब्र्याला परत जाण्याआधी ओटी आणि माजघर यांच्यामध्ये पडदा लावून दिला. मागच्या खिडकीतून शेत दिसते, तेवढेच काय ते बाहेरचे.

अठ्ठावीस वर्षे कर्जतच्या एका दवाखान्यात केसपेपर लिहिले. तारीख, नाव, तक्रार, औषध. त्याहून जास्त लिहायची सवय नाही. पण कोण आले, काय बोलले, हे नोंदवून ठेवलेले बरे. पुढे कोणी म्हणायला नको की असे ठरले होते.

भेटायला फार माणसे आली. हे जन्मभर लोकांची ओझी फुकट वाहत राहिले. आजाऱ्याला टेंपोतून न्यायचे, भाडे नाही. मयताला लाकडे न्यायची, भाडे नाही. आलेल्यांपैकी किती जणांचा डोळा आता टेंपोवर आहे कोण जाणे. पलीकडच्या घरचा गजा तिन्ही दिवस अंगणात उभा होता. बसला नाही, बोलला नाही. उभा कशाला होता?

२४ मे, शनिवार

आदिल आंब्यांची पेटी घेऊन आले. दीर असले तरी पडद्याबाहेरच बसतात.

"भाबी, टेन्शन घ्यायचं नाही. मी बसलोय ना."

माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्याचे त्यांना माहीत होते. स्वतः जाऊन आणल्या. मग शेताचे विचारले. शेत माझ्या नावावर आहे, दहिवलीच्या कडेला, वडिलांनी दिलेले. कसत हे होते.

"एक पार्टी आहे मुंबईची. फार्महाऊस बांधायचंय त्यांना. आपल्याला घाई नाही. फक्त यंदा शेत मोकळं ठेवा. कोणाला आत शिरू देऊ नका."

मी म्हटले, अजून काही ठरवलेले नाही. आंबे चांगले निघाले. गोळ्यांचे त्यांना कोणी सांगितले? सिद्राने सांगितले असेल. सिद्रानेही काल फोनवर दोनदा विचारले, सातबारा कुठे ठेवलास.

७ जून, शनिवार

बकरी ईद. लिहिण्यासारखे काही नाही.

२९ जून, रविवार

सकाळी साडेआठला खिडकी उघडली तर शेतात माणसे. मोजली. गजा, त्याची बायको मैना, सून हर्षला आणि आणखी चौघे. आमच्या शेतात भाताची लावणी चालली होती. चिखल कधी केला, नांगर कधी घातला, मला पत्ता नाही. दोन दिवस पाऊस असल्यामुळे खिडकी बंद होती.

आदिलना फोन केला. ते ओरडलेच.

"हेच सांगत होतो मी! आज लावतील, दिवाळीला कापतील, उद्या तहसीलला जाऊन सांगतील, आम्ही कूळ आहोत, आम्ही कसतो. झाली जमीन त्यांची. माझ्या ओळखीत तिघांची गेली."

हे मला माहीत आहे. दुसऱ्याला शेत कसू दिले आणि तो कूळ म्हणून लागला की मालक कोर्टाच्या पायऱ्या चढत म्हातारा होतो. माझे वडील सख्ख्या भाच्यालाही शेतात कुदळ मारू देत नसत.

दिवसभर खिडकीशी बसले. संध्याकाळपर्यंत शेत लावून झाले होते. ओळी सरळ होत्या.

३० जून, सोमवार

मैना मागच्या दाराने आली. ती कोंडाण्याची, तोंडाने तिखट. मी सरळ विचारले.

"कोणी सांगितलं होतं लावायला?"

"हे काय इचारनं झालं? रोप तयार व्हतं, लावलं."

"मला विचारायचं होतंस."

"तुमी पडद्यात. पडद्याला इचारू का?" ती हसली. मी हसले नाही.

"मजुरी सांग."

"भाबी, लाज काडू नका. आमचा म्हातारा गेला त्या साली आमी सुतकात बसल्यालो. अब्दुलभाईनी पयलं आमचं शेत लावून दिलं, मंग सोताचं. तवा त्यांनी मजुरी इचारली नाय."

ते साल मला आठवते. आमचे रोप तोवर जून होऊन पिवळे पडले होते आणि मी यांच्याशी चार दिवस बोलले नव्हते.

"आणि तुमचं शेत?" मी विचारले.

"लावू की. पळून जातंय का ते?"

एवढ्या जुन्या गोष्टीची कोणी परतफेड करत नाही. मधली अकरा वर्षे कुठे होती ही आठवण? जाताना तिला सुके बोंबील दिले. डब्यात पडून किडले असते.

१३ जुलै, रविवार

आठ दिवस पावसाने डोके वर काढू दिले नाही. गजाचे शेत आमच्या शेताच्या पलीकडे आहे. खिडकीतून त्याची एक पट्टी दिसते. आमचे भात हिरवेगार उभे राहिले. त्याचे परवा कुठे लावून झाले, तेही विरळ आणि पिवळट दिसते. रोप जून झाले असणार.

मैना डोक्यावर खताची गोणी उलटी घेऊन आमच्या बांधावरून जाते. त्यांचा शेतात जायचा रस्ता आमच्या बांधावरूनच आहे, पहिल्यापासून. आज तिला हाक मारून टेंपोची ताडपत्री दिली. टेंपो उभाच आहे, ताडपत्रीला उंदीर लागतील.

आदिलना फोनवर गजाच्या शेताचे सांगितले. म्हणाले, "बघा, स्वतःचं सोडून तुमचं आधी लावलं. विचार करा का ते."

विचार करते आहे.

३ ऑगस्ट, रविवार

सकाळी गजा आणि हर्षला आमच्या शेतात उभे. हर्षलाच्या हातात मोबाइल, फोटो काढत होती. दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. चार आकडे आले. त्यांच्या मागोमाग मागच्या दारात हर्षला.

"काकी, कोड आला असंल. तेवढा सांगा ना."

हल्ली पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः भरायची असते. शेतात उभे राहून पिकाचा फोटो मोबाइलवर टाकायचा. हर्षला बारावी झालेली आहे, गावातल्या अर्ध्या लोकांची तीच भरून देते.

"कोणाच्या नावाने भरतेस?"

"तुमच्याच. खातं तुमचं, नंबर तुमचा. नाय भरली तर सातबाऱ्यावर पीकच लागत नाय, मंग नुकसान झालं तर भरपाय नाय."

"मला दाखव."

तिने फोन पुढे केला. माझे नाव दिसले. पण पुढच्या पानावर काय आहे ते मला कळेना, आणि कोड कोणाला सांगू नका हे तर बँकेतून रोज येते. मी म्हटले, राहू दे, नंतर बघू.

"चौदा सप्टेंबर शेवटची तारीख हाय, काकी."

"तोपर्यंत बघू."

ती गेली. अंगणात गजाने तिला काहीतरी विचारले. तिने मान हलवली. गजा हसला. त्यात हसण्यासारखे काय होते?

९ ऑगस्ट, शनिवार

आदिलना कोडचे सांगितले. त्यांचे म्हणणे पडले, आता लिहून घेतलेच पाहिजे. मीही हो म्हटले. मीच म्हटले, की गजाकडून सही घ्या, म्हणजे रोजची धास्ती नको. हे इथे लिहून ठेवते, कारण नंतर मी ते आदिलवर ढकलीन.

१७ ऑगस्ट, रविवार

आदिल खालापूरच्या वकिलाकडून कागद करून आले. दोन पाने. पडद्याखालून पहिले पान सरकवले. मी वाचले. माझे नाव घालून गजाने लिहून द्यायचे होते: शेत सफिया यांच्या मालकीचे व ताब्यातील असून, यंदाची लावणी मी शेजारधर्म म्हणून केली असून, माझा कुळाचा अगर इतर कोणताही हक्क नाही. बरोबर होते.

"दुसऱ्यावर?"

"सह्याच आहेत." त्यांनी पान परत घेतले.

गजाला बोलावले. बरोबर हर्षला आली. मी पडद्याआड पाटावर बसले होते.

"ये गजाशेठ, बस," आदिल म्हणाले.

"शेठ तुमी. मी उभाच बरा, पाय चिखलाचं हायेत."

"एक सही हवी होती. भाबींच्या मनाला शांती म्हणून."

"कसली?"

"तू कूळ नाहीस म्हणून."

गजा मोठ्याने हसला. "मी कूळ? अवं, माझं सोताचं भात मला वळखंना झालंय यंदा. वाच गं हर्षला."

हर्षलाने वाचले. पहिले पान मोठ्याने. दुसऱ्या पानाला तिचा आवाज खाली गेला आणि मध्येच थांबला. पडद्याच्या फटीतून तिचे तोंड माझ्या बाजूला वळलेले दिसले. गजा तिला हळू काहीतरी बोलला. ती म्हणाली, "पन बाबा..." तो म्हणाला, "दे पेन."

सही केली. सही यायची नाही असे वाटले होते, पण चांगली वळणदार करतो. जाताना पडद्याकडे तोंड करून म्हणाला, "भाबी, सही पायजे व्हती तर जूनातच सांगायचं. लावणीला येताना पेन घेऊनच आलो असतो."

टोमणा होता की काय, कळले नाही. इतक्या सहज सही कोण करते? त्या दोघांची कुजबुज काय होती? ज्याला काही गमवायचे नसते तो सहज सही करतो, किंवा ज्याच्याकडे दुसरा कागद असतो तो.

पाऊस होता आणि आदिल स्कूटरवर आले होते. कागद भिजेल म्हणून माझ्याकडे ठेवून गेले. कपाटात ठेवला.

२७ ऑगस्ट, बुधवार

आज गणपती. दर वर्षी गजाकडून मोदकांचे ताट येते. यंदा सुतक आमचे, त्यात तो कागद. येणार नाही असे धरून चालले होते. आले. हर्षला घेऊन आली, पण पुढच्या दाराने.

"पुढून कशी आलीस?"

"रस्त्याने आले."

"बांधावरून दोन मिनिटांत येतेस नेहमी."

ती म्हणाली, "ताट नंतर द्या," आणि गेली.

मग लक्षात आले, दहा दिवसांत बांधावरून कोणी गेलेले नाही. मैना दिसत नाही म्हणून ती रुसली असे समजत होते. ताडपत्री पण परवा घडी घालून कोणीतरी ओटीवर ठेवून गेले. माझ्यावर बहिष्कार टाकला आहे का? मोदक पाठवायचे आणि बांध सोडायचा, हे कसले वागणे?

मोदक खाल्ले. सहा होते.

२८ ऑगस्ट, गुरुवार

कपाटातून कागद काढला. अठ्ठावीस वर्षांत मी एकही कागद न वाचता पुढे पाठवला नाही. डॉक्टरांच्या अक्षरातलेही वाचत असे. आणि माझ्या घरातला, माझ्या नावाचा कागद एक पान वाचून ठेवून दिला.

दुसऱ्या पानावर सह्यांच्या वर पाच ओळी आहेत. सदर शेताच्या बांधावरून जाण्यायेण्याची माझी व माझ्या कुटुंबाची वहिवाट मी आजपासून राजीखुशीने सोडून देत असून पुढे मी अगर माझे वारस त्याबाबत तक्रार करणार नाही.

खाली सही. गजानन मालोजी. बांधाशिवाय त्याला स्वतःच्या शेतात जायचे तर कालव्याच्या रस्त्याने वळसा घालावा लागतो. भाताचे भारे डोक्यावर घेऊन.

३० ऑगस्ट, शनिवार

मोदकांचे ताट न्यायला हर्षला आली. दार लावून घेतले आणि विचारले.

"दुसऱ्या पानावर काय होतं ते तुझ्या सासऱ्याला कळलं होतं?"

"वाचलं की मी."

"मग सही का केली?"

ती ताटाकडे बघत राहिली. "मी बोलले, बाबा, यात रस्ता जातोय. तर बोलले, भाबीला झोप लागत नसंल तर जाऊ दे रस्ता. दे पेन."

"मला माहीत नव्हतं त्या पानावर काय आहे."

"आम्हाला वाटलं तुम्हीच लिवून घेतलं."

साहजिक आहे. मीही असेच समजले असते.

मी कागद तिच्या हातात दिला. म्हटले, घेऊन जा, बाबांना दे, काय करायचे ते करू दे. संध्याकाळी परत आली. कागद जसाच्या तसा.

"बाबा बोलले, भाबीकडंच राहू दे. उद्या आदिलशेठ इचारतील, तर तिच्यावर आळ नको. आनि कागद हाय तवर आमी बांधावर पाय ठेवनार नाय."

हा मोठेपणा आहे की मला खाली मान घालायला लावायची रीत? अजून ठरवता येत नाही. मला सवयच नाही असल्या माणसांची. एक होता घरात, त्यालाही मी बत्तीस वर्षे भोळा म्हणत आले.

६ सप्टेंबर, शनिवार

आदिल कागद न्यायला आले. माझ्या गोळ्या पुन्हा आणल्या होत्या.

"वीस तारखेला पार्टी येतेय भाबी. द्या तो कागद."

"दुसऱ्या पानावर सह्याच आहेत म्हणाला होतात."

पडद्यापलीकडे खुर्ची वाजली. "अहो, ती एक ओळ आहे."

"पाच आहेत."

"रस्ता असला की गिऱ्हाईक बिचकतं. बंगल्यासमोरून रोज शेणाच्या पाट्या कोण जाऊ देईल? तुमचाच भाव पडतो."

"पडू दे."

"गजानं काय पाजलं काय तुम्हाला?"

"मोदक दिले."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मी शब्द दिलाय त्या लोकांना. मुलीचं लग्न डोक्यावर आहे माझ्या. भाई असता तर मला अडवला असता का?"

"नसता अडवला. तुमच्या लाद्याही त्यांनीच उतरवल्या."

हे मी कसे बोलले माहीत नाही. चार महिने डोक्यात होते, पण लिहिलेसुद्धा नव्हते. आदिलनी गोळ्यांची पिशवी पडद्याखालून सरकवली आणि ते गेले. रडत होते असे वाटले. खरेच रडत होते की मला ऐकू यावे म्हणून, सांगता येत नाही.

ते गेल्यावर कागद काढला. फाडला नाही. पहिले पान खरे आहे, ते राहू दे. त्याची भीती मला अजून वाटते, खोटे कशाला लिहू. दुसऱ्या पानावरच्या पाच ओळींवर आडवी रेघ मारली. दवाखान्यात चुकीची नोंद रद्द करायचो तशी बाजूला तारीख घातली, "रद्द, रस्ता पूर्वीप्रमाणे" असे लिहिले, आणि खाली माझी सही केली. हर्षलाला बोलावून त्याचा फोटो काढून न्यायला सांगितले.

"बाबांना दाखव."

"दाखवते. ऐकतील का सांगत नाय. लय हट्टी हायेत."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बांधावर अजून कोणी नाही. सकाळी मैना कालव्याच्या रस्त्याने जाताना दिसली, डोक्यावर गवताचा भारा. खिडकीकडे बघितले नाही.

हर्षलाला फोन केला की पीक पाहणी भरून टाक. ती पुढून फिरून शेतात गेली. बांधावर चढली नाही, रस्त्याच्या कडेने शेतात उतरली आणि फोटो काढला. माझ्या फोनवर चार आकडे आले. सांगितले. तिला नीट ऐकू गेले नाही म्हणून पुन्हा सांगितले.

मग तासाभराने तिला फोन करून विचारले, कोणाच्या नावाने लागले. म्हणाली, "तुमच्याच, काकी, तुमच्याच." हसत होती. तरी मी सिद्राला सांगून मुंब्र्याहून तपासायला लावले. माझ्याच नावाने आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

इद्दत पुरी झाली. सिद्रा आली. पडदा काढला. चार बायका आल्या, दुआ झाली. आदिल आले नाहीत. त्यांच्या मुलीच्या लग्नाला माझ्या बांगड्या द्यायच्या असे ठरवले आहे. मी आता घालणार नाही, कपाटात पडून राहतील. पार्टीला त्यांनी काय सांगितले माहीत नाही. शेत विकायचे की नाही ते भात कापून झाल्यावर ठरवीन. विकले तरी रस्त्यासकट विकीन.

सिद्रा संध्याकाळच्या गाडीने गेली. म्हणाली, उद्या माझ्याबरोबर बाहेर पडायला राहू का? नको म्हटले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी सातला मागच्या दाराने बाहेर पडले. चार महिन्यांनी पाय मातीला लागले, चालताना तोल जात होता.

भात कमरेपर्यंत आले आहे, लोंब्या धरल्या आहेत. गजाच्या शेतात गेले. खिडकीतून दिसत होते त्याहून विरळ आहे. आमच्यापुढे निम्मेही निघणार नाही.

बांध ओळखू येत नव्हता. महिनाभर पाय पडला नाही तर पावसाळ्यात एवढे गवत माजते. काही ठिकाणी माझ्या गुडघ्याच्या वर होते, मध्ये लाजाळूचे काटे. यातून भारा घेऊन कोणी येऊ शकणार नाही, यायचे मनात आले तरी. येईल की नाही ते मला माहीत नाही. हट्टी आहे म्हणतात. आणि मला अजूनही वाटते की एवढे सगळे कोणी उगीच करत नाही.

घरी येऊन विळा घेतला. हातरुमाल बोटांना गुंडाळला आणि आमच्या बाजूने सुरुवात केली. नऊपर्यंत वीस पावले झाली. कंबर धरली म्हणून आत येऊन चहा केला आणि हे लिहायला बसले. विळ्याची धार गेली आहे. दगडावर घासून पुढचे कापायला जाते.